अकरावीला ‘बालविकास’ घ्यावा का? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: “आम्ही भांडुपला राहतो. मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावीला कला शाखेत ‘बालविकास’ घ्यायचं म्हणते. तिच्या वडिलांचं आणि मामाचं म्हणणं, मुलं सांभाळायला कॉलेजात काय शिकायचं? शेजारच्या ताई म्हणतात, मानसशास्त्र घे, त्याला तरी किंमत आहे. या विषयात खरंच काही असतं का? पुढे काय करता येतं?”

ताई, मी हा विषय कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हापासून दर जूनमध्ये हा प्रश्न ऐकते आहे. “मुलं सांभाळायला काय शिकायचं” असं म्हणणाऱ्यांनी स्वतः बहुधा एकही दुपटं धुतलेलं नसतं, हे जाता जाता.

माझं उत्तर ‘घेऊ द्या’ असंच आहे, पण दोन अटींवर. पहिली अट म्हणजे त्या कॉलेजात प्रत्यक्ष लहान मुलांमध्ये बसून प्रात्यक्षिक होत असलं पाहिजे. दुसरी अट म्हणजे तिला पुढे वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी असं काही करायचं नसावं. ही दुसरी अट आधी सांगते, कारण ती चुकली तर नंतर निस्तरता येत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवण या विषयातली पदवी मिळते, केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात. उशिरा बोलणाऱ्या, तोल न सावरणाऱ्या मुलांसोबत रोजचं काम करणारी माणसं तिथून तयार होतात. पण त्यासाठी बारावी विज्ञान लागतं आणि महाराष्ट्रात हे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात. कला शाखेतून ते दार बंद होतं. त्यामुळे मुलीला आधी शांतपणे विचारा की तिला लहान मुलांना शिकवायला आवडेल, की अडलेल्या मुलाला बोलतं-चालतं करायला. दुसरं असेल तर विज्ञानच घेऊ द्या. बालविकासाची पुस्तकं ती घरीही वाचेल.

आता विषयात काय असतं ते. गर्भावस्थेपासून सुरुवात होते. मग नवजात बाळ, तान्हेपण, तीन ते सहा वर्षांचा काळ आणि पुढे. शरीर, हालचाल, भाषा, बुद्धी, भावना आणि माणसांत मिसळणं यांची वाढ. स्तनपान, वरचं अन्न, लसी, खेळ. पियाजे, एरिकसन, वायगॉट्स्की ही मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांची नावं येतात. मानसशास्त्राच्या पेपरातही यातलं काही येतं, पण तिथे विषय असतो माणसाचं मन. इथे विषय असतो समोर बसलेलं मूल, त्याच्या नाकातल्या शेंबडासकट. धडे वाचून मार्क मिळतात आणि सुट्टीत विसरलेही जातात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. या विषयाचा जीव निरीक्षणात आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही मुलींना (आणि हल्ली वर्गात असलाच तर एखाद्या मुलाला) बालवाडीत नेऊन बसवतो. सूचना एवढीच असते की एक मूल निवडा, पंधरा मिनिटं बघा आणि लिहा. पहिल्या खेपेला जर्नलमध्ये साधारण असं येतं: “हा मुलगा खूप हट्टी आहे. तो बाईंचं ऐकत नाही. त्याला पाण्यात खेळायला आवडते.” तीन वाक्यं आणि त्यातली दोन म्हणजे निकालपत्र. मग आम्ही विचारतो, हट्टी म्हणजे त्याने काय केलं ते लिही. काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढंच. आठवडाभराने तीच मुलगी त्याच मुलाबद्दल असं लिहून आणते:

“वय ३ वर्षे ८ महिने. १०.२० वाजता टबापाशी उकिडवा बसला. स्टीलच्या पेल्याने बाटलीत पाणी ओतलं. बरंच बाहेर सांडलं. बाटलीच्या तोंडाकडे बघितलं. पेला खाली ठेवला, बाटलीचं झाकण उचललं आणि झाकणाने ओतायला लागला. बाई म्हणाल्या, ‘चला, गोल करा.’ वर बघितलं नाही. झाकण भरून ओतत राहिला. बाईंनी पुन्हा हाक मारली. ‘थांबा ना, भरतेय ती,’ म्हणाला. पाणी बाटलीच्या गळ्याशी आल्यावर उठला. गोलात जाऊन बसला. हात सदऱ्याला पुसले.”

आता बघा यात काय काय आहे. पेल्याने जमत नाही म्हणून त्याने साधन बदललं. आकाराचा अंदाज, बोटांची पकड, हाताला डोळ्याची साथ, एकाच कामात टिकलेलं लक्ष. भाषेत ‘ती’ कोण हे समोरच्याला कळणार, हे गृहीत धरण्याइतकी समज. आणि काम पुरं झाल्यावर तो स्वतःहून गोलात गेला. हट्टीपणा कुठे गेला? बाईंची घाई तेवढी उरली. सोळाव्या वर्षी मुलीला हे दिसायला लागलं की तिची नजर कायमची बदलते. मग घरातल्या भावंडाकडे, ट्रेनमध्ये रडणाऱ्या पोराकडे आणि ताई, खरं सांगते, तुमच्याकडेही ती वेगळी बघायला लागेल.

मूल सुखात आहे का, हेही असंच बघून ठरवता येतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात फेरे लावर्स यांनी यासाठी पाच पायऱ्यांच्या दोन मोजपट्ट्या तयार केल्या, एक स्वास्थ्याची आणि दुसरी तल्लीनतेची. तल्लीनतेच्या पाचव्या पायरीवरचं मूल कसं असतं? अंग पुढे झुकलेलं, जीभ ओठांत धरलेली, हाक ऐकू न येणं, अडलं तरी परत प्रयत्न. पहिल्या पायरीवरचं मूल गोलात शिस्तीत बसलेलं असू शकतं, नजर मात्र खिडकीबाहेर. आपल्याकडे या पहिल्या पायरीवरच्यालाच ‘गुणी बाळ’ म्हणतात. नर्सरीतली मुलं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलेली पाहून फी भरणाऱ्या पालकांना माझी विद्यार्थिनी हे समजावू शकली, तर विषय वाया गेला नाही असं मी म्हणेन.

पियाजेचा प्रयोग वर्गात सगळ्यांना फार आवडतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं ताक, मग एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विचारायचं, कशात जास्त? ते बिनदिक्कत उंच ग्लास दाखवतं. आपल्या आया हे न शिकता वापरतातच. “मला दोन पोळ्या पाहिजेत” म्हणून भोकाड पसरलेल्या पोरापुढे एकाच पोळीचे दोन तुकडे ठेवले की प्रश्न मिटतो. पण मुलींना खरी शिकवण मिळते ती प्रश्न विचारण्याची. “उंच ग्लासात जास्त आहे ना रे?” असं विचारलं तर मूल हो म्हणणारच. मोठ्या माणसाला खूश करायची त्याला हौस असते. उत्तर तोंडात न घालता विचारायला जमणं, हे पुढे शिक्षिका, समुपदेशक, डॉक्टर, पत्रकार कोणालाही उपयोगी पडतं.

जून-जुलैत बालवाडीच्या दारात जे रडणं चालतं, तोही आमचा एक धडा असतो. बाहेर धो धो पाऊस, छत्र्यांचा ढीग, आत पंधरा-वीस मुलं आणि त्यातली निम्मी “आई पाहिजे” करत. आजी म्हणते, लाडावलंय. मूल आणि आई यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांच्या कामानंतर आपण हे रडणं वेगळं वाचतो. ओळखीच्या माणसापासून दूर होताना रडणं हे नातं नीट जुळल्याचं लक्षण असू शकतं. बघायचं ते आई परत आल्यावर मूल काय करतं. धावत बिलगतं, जरा मुसमुसतं आणि पुन्हा खेळायला लागतं का? मुलगी हे टिपायला शिकते. आईने नजर चुकवून सटकू नये, सांगून जावं, “डबा खाऊन झाला की येते” असं मुलाला कळेल अशा वेळेत सांगावं, हेही शिकते. दहा वाजून वीस मिनिटं त्याला कळत नाहीत, डबा कळतो.

अंगणवाडीची भेट मात्र मी कधीच रद्द होऊ देत नाही. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्यात पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण असं सगळं एका छताखाली आणलं गेलं. मुंबईत ते छप्पर म्हणजे बहुतेक वेळा वस्तीतली एक भाड्याची खोली. तिथे सेविका वजनकाट्यावर मूल ठेवते, वाढीच्या तक्त्यावर टिंब मारते, दंडाला पट्टी लावते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल रंगावर थांबते, म्हणजे तीव्र कुपोषण. १२.५ पर्यंत पिवळा. तो लाल रंग डोळ्यांनी बघितलेली मुलगी ‘संतुलित आहार’ या प्रकरणाचं उत्तर पाठ करून लिहीत नाही. आणि सेविकाबाईंना पगार नाही, मानधन मिळतं, हेही तिला तिथेच कळतं.

या विषयाची मुळं कुठल्या परदेशी पुस्तकात शोधायची गरज नाही, तुमच्या लोकल लाइनवर ती सापडतील. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. मग शहरातलं बस्तान सोडून १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभं केलं. महागडी मॉन्टेसरी साधनं परवडत नाहीत म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. मुंबईत १९७२ पासून ‘मुंबई मोबाइल क्रेशेस’ ही संस्था बांधकामाच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते आहे. तुम्ही मुलुंडच्या टॉवरकडे बघता ना, ते उभं करणाऱ्या बाईचं बाळ दिवसभर कुठे असतं, हा बालविकासाचाच प्रश्न आहे.

पाठ्यपुस्तक मुंबईच्या घराला पुरत नाही, हेही सांगते. पुस्तकात बाळ मोकळ्या जमिनीवर रांगतं. आपल्याकडे दहा बाय पंधराच्या खोलीत एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन आणि मधे पाच माणसं. तिथे बाळ रांगणार कुठे? मग मुलं थेट धरून उभी राहतात, आणि आई घाबरून विचारते, रांगलं नाही, काही बिघडलं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद निघाला, आणि काही मुलं रांगण्याचा टप्पा गाळूनच पुढे गेली. असं काही वाचलं की चाळीतल्या आईला काय सांगायचं, हे विद्यार्थिनीला नेमकं कळतं. तसंच स्क्रीनचं. याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको. मोबाइल दाखवल्याशिवाय घास जात नाही अशा घरात हे भिंतीवर चिकटवून उपयोग नाही. त्या वेळात दुसरं कोण, काय करू शकतं, यावर आम्ही वर्गात वाद घालतो.

एक धोका मात्र आहे. एक प्रकरण वाचून आणि चार रील बघून मुली निदान करायला लागतात. “मिस, माझ्या मावसभावाला ऑटिझम आहे.” तिथे मी कडक असते. आपण डॉक्टर नाही. आपण लिहायचं की दोन वर्षांचा झाला, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही. तेवढं घेऊन मावशीने बालरोगतज्ज्ञाकडे जावं. महापालिकेची रुग्णालयं आहेत, मुंबईत ‘उम्मीद’सारखी याच कामाला वाहिलेली संस्था आहे. लवकर गेलेलं बरं, पण नाव ठेवण्याचा अधिकार आपला नाही.

जर्नलमध्ये मुलाचं खरं नाव लिहायचं नाही. फोटो काढून स्टेटसला लावायचा नाही, कितीही गोड असला तरी. आणि एखाद्या मुलाच्या बोलण्यातून कोणी त्याला त्रास देतंय असं वाटलं, तर मैत्रिणींत चर्चा न करता त्याच दिवशी शिक्षिकेला सांगायचं. तो त्रास लैंगिक असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे, ती दाबून ठेवणं गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना आधी सांगून ठेवते. हा विषय शिकताना मुली स्वतःचं बालपण तपासायला लागतात. मार, घरातली भांडणं, धाकटा भाऊ झाल्यावर गावी आजीकडे पाठवलेली दोन वर्षं. ‘भावनिक विकास’ शिकवताना एखादी एकदम गप्प होते. चांगली शिक्षिका तेव्हा धडा थांबवते. घरी ती काही विचारायला आली, तर “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” म्हणून उडवून लावू नका. हिशेब मागायला आलेली नसते ती, समजून घ्यायला आलेली असते.

पुढे काय करता येतं, हा तुमचा प्रश्न. जुहूला एसएनडीटीचा मानवी विकास विभाग आहे, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे. प्रवेशाच्या अटी अभ्यासक्रमागणिक बदलतात, बारावी कुठल्या शाखेची लागते हे आत्ताच विचारून ठेवा. विशेष शिक्षिका व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घ्या. गल्लोगल्ली ‘नर्सरी टीचर ट्रेनिंग’चे बोर्ड दिसतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सर्टिफिकेट मिळतं, मूल भेटत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा ‘पायाभूत स्तर’ एक धरला, २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यामुळे या वयाची जाण असलेल्या शिक्षकांची विचारणा वाढेल. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ पासून पाळणाघराची सोय करावी लागते, तिथेही माणसं लागतात. पण पैशांचं खरं सांगू? खासगी बालवाडीत सुरुवातीचा पगार ऐकून मामा पुन्हा बोलतील, आणि या एका बाबतीत ते चूक नसतील. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढचा आहे, त्याखालच्या वयाला शिकवणाऱ्यांच्या पगाराकडे कोणी फारसं बघत नाही. म्हणून बारावीवर थांबू नका, पदवी आणि शक्य तर त्यापुढेही जाऊ द्या.

मुलगा असता तरी मी हेच लिहिलं असतं. बाळाला हातात घेताना मान कशी धरायची, हे बापाला माहीत नसावं असा काही नियम नाही.

आता कॉलेज. फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरण्याआधी स्वतः जाऊन या. विषयाच्या शिक्षिकेला भेटा आणि मागच्या वर्षीची दोन-तीन जर्नल बघायला मागा. सगळ्यांत सारखीच वाक्यं, सारखीच चिकटवलेली चित्रं, थर्माकोलची तीच घरं दिसली, तर सीनियरचं जर्नल उतरवून काढायची पद्धत आहे असं समजा. एकेक मूल वेगळं दिसलं, खाडाखोड दिसली, शिक्षिकेने लाल शाईत “म्हणजे काय केलं त्याने?” असं कुठेतरी विचारलेलं दिसलं, तर तिथे नाव घाला. बालवाडी बहुधा सकाळी भरते आणि कॉलेजची व्याख्यानंही त्याच वेळी असतात. त्यामुळे प्रात्यक्षिक कुठल्या वारी, कुठल्या बालवाडीत, आणि तिथे मुलींबरोबर शिक्षिका बसते की मुली एकट्याच जातात, हेही विचारा. भांडुपहून दादरला जायचं म्हटलं तर सकाळची गर्दी आहे, पण कॉलेज खरंच असं असेल तर जाऊ द्या.